४ ओहमचे टॉवर, नवीन रिसीव्हर आणि वेगळा अँप: खरंच लागेल का? (इंदूर)

रामबागी_श्रोता
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायची वेळ आली.

घर रामबागेत, जुनं आहे. वरच्या मजल्यावरचा हॉल २० बाय १३ फूट, उंची १० फूट. टीव्ही १३ फुटी भिंतीवर आणि सोफा बरोबर हॉलच्या मधोमध, कारण मागच्या अर्ध्या भागात आईचा झोपाळा आहे आणि तो हलवायचा विषय घरात काढता येत नाही. स्पीकर म्हणजे दोन टॉवर (८६ डीबी, ४ ओहम), त्याच कंपनीचा सेंटर, मागे दोन छोटे सराउंड, आणि १० इंची सब (फक्त बेसचा स्पीकर) ज्यात स्वतःचा अँप आहे. रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा, अँप आतच असलेला) जुना ५.१ वाला (पाच स्पीकर आणि एक सब), त्याच्या एचडीएमआयमधून ४के जात नाही म्हणून बदलायचाच आहे. शिवाय तो उन्हाळ्यात जोराचा सीन आला की टप् करून बंद पडतो आणि समोर प्रोटेक्शन लिहून येतं. व्हॉल्यूम साधारण -१८ ते -१५, मित्र आले की -१०.

आता प्रश्न. एका दुकानदाराने सांगितलं की ४ ओहमला रिसीव्हर चालणारच नाही, सात चॅनलचा वेगळा पॉवर अँप घ्या आणि वर १७० वॅटवाला रिसीव्हर घ्या. मेव्हणा म्हणतो काही नको, गणपतीत वापरतात तसला एक पीए अँप टाक, विषय संपला. बजेट दीड लाखाच्या आसपास, थोडं इकडेतिकडे चालेल पण थोडंच. टीव्ही ४के आहे, ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीने रिसीव्हरला देणारं) आहे, पीएस ५ आहे. अजून एक, बेस एकाच सुरात घुमतो, प्रत्येक पिक्चरमध्ये तोच धुम् धुम्, ते पण रिसीव्हरमुळेच का?

सुदामानगरचे_काका
सगळ्यात आधी त्या १७० वॅटचं बघू, कारण निम्मी मंडळी तिथेच फसतात. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर देऊन, एकच चॅनल चालवून आणि भरपूर डिस्टॉर्शन मान्य करून काढलेला असतो. आतल्या पत्रकात खालची ओळ वाच, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, तो आकडा खरा. डेनॉनच्या एक्स २८०० एच ला तो ९५ वॅट आहे, एक्स ३८०० एच ला १०५. आणि तोही दोनच चॅनलचा. पाच किंवा सात चॅनल एकदम जोरात मागायला लागले की पॉवर सप्लाय तोच एक, आपल्याकडे नर्मदेचं पाणी आलं की गल्लीतले सगळे नळ एकदम उघडतात तेव्हा जे होतं तेच. पण घाबरू नकोस, पिक्चरमध्ये सगळे चॅनल एकदम फुल जोरात असं क्वचितच असतं.

आता तुझे स्पीकर. ८६ डीबी हा आकडा बहुतेक कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण तुझ्या ४ ओहमला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणजे १ वॅटला तुझा टॉवर खरं तर ८३ डीबीच देतो. आता तीन मीटरवर बसलास की मोकळ्या जागेत साडेनऊ डीबी गळतात, खोलीच्या भिंती आणि दोन स्पीकर मिळून त्यातले चार-पाच परत देतात. म्हणजे सोफ्यावर १ वॅटला ७८ धर.

माइक लावून कॅलिब्रेशन (रिसीव्हरचा ऑटो सेटअप) केलेलं असेल तर रिसीव्हरवरचा ० म्हणजे थिएटरची रेफरन्स लेव्हल, मुख्य चॅनलचा कमाल झटका १०५ डीबी. तू -१५ ला ऐकतोस म्हणजे झटका ९० चा. ७८ पासून ९० म्हणजे १२ डीबी, म्हणजे साधारण १६ वॅट. -१० ला ९५ डीबी, ५० वॅट. आणि ० ला ऐकायचं म्हटलं तर ५०० वॅट, ते ना तुझे टॉवर झेलतील ना तुझी आई.

तर १६ ते ५० वॅटच्या कामासाठी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये का जातोय हा खरा प्रश्न आहे. नवीन काही घेण्याआधी तीन गोष्टी सांग. १) सेटिंगमध्ये टॉवर लार्ज आहेत की स्मॉल? २) रिसीव्हर ठेवलाय कुठे? ३) इम्पीडन्सची (स्पीकरच्या ओहमचा आकडा, कमी तितकं अँपवर ओझं जास्त) सेटिंग आहे का आणि किती वर आहे?

झाँकी_साउंड
भिया मेव्हण्याचं अगदीच चूक नाहीये पण अर्धवट आहे. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झाँक्यांना (कापड गिरण्यांच्या चित्ररथांना) मी साउंड लावतो, आमचे अँप रस्त्यावर तासन् तास चालतात, ४ ओहम सोड २ ओहमवर पण चालतात, आणि एका वॅटला किती रुपये पडले हा हिशेब केला तर घरगुती ब्रँड जवळपास पण येत नाहीत. क्राउनचा एक्सएलएस १५०२ घे ना, ८ ओहमला ३०० आणि ४ ओहमला ५२५ वॅट एका चॅनलला, आणि त्याला आरसीएचे (घरगुती यंत्रांच्या गोल पिनचे) होल पण आहेत.

पण. मागे पंखा असतो. रस्त्यावर कोणाला ऐकू येणार, तुझ्या हॉलमध्ये रात्री पिक्चरमधली दोन माणसं हळू बोलत असली की तुला पंखा ऐकू येईल. अँप टीव्हीखाली ठेवणार असशील तर विचार कर, बाल्कनीच्या बाजूला किंवा बाजूच्या खोलीत ठेवून स्पीकरची वायर लांब नेता येत असेल तर बढिया. आणि मंडपातल्या १०० व्होल्ट लाइनच्या भोंग्यांवाला अँप कोणी गळ्यात मारत असेल तर तो घेऊ नको, ते कामच वेगळं.

रामबागी_श्रोता
काका, बघितलं. टॉवर लार्ज आहेत, मी केलं नव्हतं, ऑटो सेटअपने आपोआपच तसं ठेवलंय. रिसीव्हर टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, सुताराने पुढे काचेचं दार दिलंय धूळ जाऊ नये म्हणून, वरच्या फळीत आणि रिसीव्हरमध्ये चार बोटं जागा असेल. इम्पीडन्स ८ वर आहे, ४ चा पण पर्याय दिसतोय. ४ करू का?

साउंडबार_जिंदाबाद
एवढा डोक्याला ताप कशाला, एक चांगला साउंडबार घ्या, एक वायर, संपलं. 😀

सुदामानगरचे_काका
@साउंडबार_जिंदाबाद बाबा रे, त्याच्याकडे टॉवर आहेत, ते काय भंगारवाल्याला देऊ का?

@रामबागी ४ करू नकोस, ८ वरच राहू दे. त्या स्विचने रिसीव्हर ताकदवान होत नाही, उलट तो आतला व्होल्टेज दाबतो म्हणजे अँप गरम कमी होईल, आणि त्या बदल्यात तुझी पॉवर जाते. मग तू व्हॉल्यूम अजून वाढवणार आणि तो लवकर क्लिप होणार, म्हणजे आवाज फाटणार.

टॉवर, सेंटर, सराउंड सगळे स्मॉल कर आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. स्मॉल म्हणजे स्पीकर लहान आहे असा अपमान नाही, फक्त ८० च्या खालचं सगळं सबकडे पाठव एवढाच त्याचा अर्थ. सबला स्वतःचा अँप आहेच. रिसीव्हरचा घाम सगळ्यात जास्त खालच्या बेसमध्ये निघतो आणि बऱ्याच ४ ओहम टॉवरचा इम्पीडन्स तिथेच कुठेतरी ३ च्या आसपास उतरतो, म्हणजे जिथे मागणी जास्त तिथेच ओझं पण जास्त. ते काढून घेतलंस की अर्धा प्रश्न सुटेल.

आणि काचेचं दार काढ. रिसीव्हरच्या वर वीतभर तरी मोकळी जागा हवी आणि मागची बाजू उघडी. मे महिन्यात इंदूरला बाहेर ४० च्या वर असताना बंद काचेत ठेवलेला रिसीव्हर प्रोटेक्शनला नाही गेला तरच नवल.

मृण्मयी_विजयनगर
बेसबद्दल मी सांगते कारण हा प्रश्न रिसीव्हरचा अजिबात नाहीये, खोलीचा आहे, आणि इथे सगळे अँपवर तुटून पडलेत.

२० फुटी खोलीत लांबीच्या दिशेने पहिली स्टँडिंग वेव्ह (दोन भिंतींमध्ये आपटून एकाच जागी चढलेला सूर) साधारण २८ हर्ट्झला उभी राहते आणि दुसरी ५६ ला. तुमची उंची १० फूट आहे, म्हणजे उंचीची पहिली पण ५६ लाच. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट, त्यामुळे दोघी एकाच ठिकाणी येऊन बसल्यात. हाच तुमचा धुम् धुम्. आता सोफा मधोमध. खोलीच्या मध्यावर २८ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही आणि ५६ हर्ट्झ सगळ्यात जोरात. म्हणजे खोल बेस गायब आणि एकच सूर चढलेला. कितीही महागडा अँप आणा, १००० वॅट आणा, तो सूर तसाच राहणार, फक्त मोठ्याने.

खात्री करायची असेल तर फोनवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, सबवर ५६ चा सूर हळू आवाजात लावा आणि टीव्हीपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. पाच फुटांवर कमी होईल, मधोमध वाढेल, पंधरा फुटांवर परत कमी. पहिल्यांदा करताना माणूस हसतो. मग सोफा दोन-तीन फूट तरी मागे सरकवायचा प्रयत्न करा, १३ फुटांच्या आसपास आला तर दोन्ही त्रास कमी होतात. झोपाळ्याचं तुम्ही बघा. 😊

ते होत नसेल तर दुसरा सब. एकाच कोपऱ्यात दोन नको, समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एक असे ठेवले तर लांबीची पहिली वेव्ह दोघं मिळून दाबतात, पण ५६ वाली नाही दबत, ती तशीच उरते, त्यासाठी रिसीव्हरचं रूम करेक्शन (माइकने मोजून खोलीप्रमाणे आवाज सुधारणारं) लागतं. म्हणून माझं मत असं की पैसे वॅटवर नको, चांगल्या करेक्शनवर घाला. ऑडिसीची वरची एक्सटी ३२ वाली आवृत्ती किंवा डिरॅक. वर आलेला सूर करेक्शन दाबू शकतं. खड्डा मात्र भरू शकत नाही, २८ चा खड्डा भरायला ते सबला आणखी पॉवर देत बसेल आणि ऐकू काहीच येणार नाही.

आणि फरशी उघडी असेल तर सोफ्यासमोर जाड सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे. बेसला काही होणार नाही त्याने, पण संवाद स्पष्ट होतील.

रामबागी_श्रोता
मृण्मयीताई, हे भन्नाट आहे, आत्ताच चालून बघितलं आणि खरंच मधोमध डोकं घुमतं आणि झोपाळ्याच्या अलीकडे एकदम शांत. आई विचारतेय हा फॅक्टरीचा भोंगा कुठून येतोय.

अजून एक राहिलं सांगायचं, स्पीकरमधून बारीक हूं असा आवाज येत असतो, काही न लावता सुद्धा. अँप बदलला की जाईल ना?

शॉर्टकट_सम्राट
हम असेल तर सोपं आहे, प्लगची वरची अर्थिंगची मोठी पिन काढून टाका. आमच्याकडे सगळे असंच करतात. गॅरंटीने बंद होतो.

वायरमन_दादा
हे कोणीही करू नका. परत लिहितो, कोणीही करू नका. हम बंद होईलही, पण अर्थिंग काढलेल्या अँपच्या बॉडीवर कधी फॉल्ट आला तर तो करंट जमिनीत जायचा रस्ताच तुम्ही कापलेला असतो, मग तो रस्ता म्हणजे रिसीव्हरला हात लावणारा माणूस.

@रामबागी हम नेमका कसा आहे ते आधी ऐक. जाड, खालचा, पंखा फिरल्यासारखा ५० हर्ट्झचा असेल तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रं दोन वेगळ्या रस्त्यांनी अर्थला जोडलेली. चरचरीत बझ असेल तर बहुतेक डिमर, एलईडीची चायना माळ किंवा चौकोनी वेव्हवाला इन्व्हर्टर. आता असं कर. रिसीव्हरला लागलेल्या सगळ्या केबल काढ, फक्त स्पीकर आणि पॉवर ठेव. हम असेल तर रिसीव्हरचाच दोष. नसेल तर एकेक केबल लाव, ज्या केबलला हम आला ती चोर. दहापैकी सात घरात मला डिश टीव्हीची किंवा केबलवाल्याची कोअॅक्स वायर सापडते, ती गच्चीवरून वेगळीच अर्थिंग घेऊन आत येते. सब वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटला असेल तर तो पण संशयित. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घे.

आणि रामबागेतलं जुनं घर म्हणतोस तर तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नकोस. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये बघ, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. त्याहून जास्त येत असेल किंवा काटा कसाही नाचत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग रिसीव्हर. नवा दीड लाखाचा माल तिथे लावू नको. मीटर हातात धरायची सवय नसेल तर स्वतः करू नकोस, त्यालाच सांग.

झाँकी_साउंड
वायरमन दादाला सलाम. आमच्या लाइनीत पण पिन कापणारे आहेत, पावसात स्टेजवर माइकला ओठ लावल्यावर झटका बसलेले गायक विचारा.

रामबागी_श्रोता
रविवारचा रिपोर्ट.

काचेचं दार काढलं, सगळे स्पीकर स्मॉल ८० वर. तोच सीन, तोच -१० व्हॉल्यूम, दुपारी पंखा बंद करून लावला, रिसीव्हर हाताला गरम लागतो पण बंद नाही पडला. मेव्हणा समोर बसला होता, त्याने अजून वाढव म्हणून -७ पर्यंत नेला, तरी नाही. हम केबलवाल्याच्याच वायरीचा निघाला, ती काढली की एकदम चुप्प. आता टीव्ही वायफायवरच बघतो तर ती काढूनच टाकतोय. अर्थिंगचं इलेक्ट्रिशियनने बघितलं, आमच्या सॉकेटची अर्थची वायर बोर्डात नुसतीच लोंबत होती, जोडून दिली.

सोफा दोन फूट मागे गेला. त्यापुढे झोपाळा, बॉर्डर.

तर आता अँपची गरजच नाही का? एचडीएमआयसाठी रिसीव्हर तर घ्यायचाच आहे, मग कोणता?

सुदामानगरचे_काका
आज नाही गरज. उद्या लागू शकते, तू कधी मोठ्या खोलीत गेलास किंवा टॉवर बदललेस तर. म्हणून माझा सल्ला हा की आत्ता पैसे अशा रिसीव्हरवर घाल ज्याला सगळ्या चॅनलचे प्रीआउट (बाहेरच्या अँपला सिग्नल द्यायचे होल) आहेत, आणि अँप आत्ता घेऊ नकोस. इथे लोक उलटं करतात, प्रीआउट नसलेला रिसीव्हर आधी घेतात आणि मग अँप कुठे लावायचा म्हणून विचारत येतात. मागे सब प्रीआउट लिहिलेला एक होल असतो तो बघून खूश होऊ नकोस, तो फक्त सबचा. झोन २ प्रीआउट पण वेगळा, तो दुसऱ्या खोलीसाठी. फ्रंट, सेंटर, सराउंड असं एकेक नाव लिहिलेले होल पाहिजेत. आता नावं घे.

डेनॉन एक्स ३८०० एच, २०२२ चं मॉडेल, ९ अँप आत, ११.४ चे प्रीआउट, ऑडिसी एक्सटी ३२ आहेच आणि डिरॅक वेगळे पैसे देऊन टाकता येतं. चार सब आउट वेगवेगळे सांभाळतो, मृण्मयी म्हणते तसं दुसरा सब आणलास तर त्याचा उपयोग. ओंकियो आरझेड ५०, त्यात डिरॅक आधीच आलेलं आहे, ९ अँप, ११.२ प्रीआउट. यामाहा आरएक्स-ए ४ ए, ७.२, प्रीआउट आहेत. मरँट्झचा सिनेमा ७० एस बारीक चणीचा आहे, ५० वॅटच, पण त्याला सुद्धा सातही चॅनलचे प्रीआउट दिलेत, तुझ्या ४ ओहमला मात्र मी तो एकटा नाही देणार, तो घेतलास तर अँप लगेच घ्यावा लागेल. एक्स २८०० एच चांगला असला तरी त्याला पूर्ण प्रीआउट नाहीत, म्हणून यादीत नाही.

तुझं बजेट ३८०० ला जरा ताणावं लागेल, दुकानागणिक भाव वेगळा पडतो म्हणून आकडा लिहीत नाही. ताणायचं नसेल तर वापरलेला एक्स ३७०० एच बघ, २०२० चा. त्या सालच्या बऱ्याच कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआयची चिप एकच होती आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवरून ४के १२० लावलं की स्क्रीन काळी व्हायची, डेनॉनने मग बाहेरून लावायची एक डबी दिली होती. तुझ्याकडे पीएस ५ आहे, आणि तसंही तू पीएस ५ सरळ टीव्हीला लाव आणि आवाज ई-आर्कने रिसीव्हरला आण, म्हणजे रिसीव्हरमधून चित्र नेण्याची भानगडच नाही. फक्त आर्क असेल तर ५.१ चा आवाज दाबलेलाच येतो, ई-आर्कला न दाबलेला पण येतो, आणि तुझ्या टीव्हीला ई-आर्क आहे असं तू लिहिलंयस.

मृण्मयी_विजयनगर
काकांशी सहमत, एकच भर. ऑटो सेटअप केल्यावर नव्या रिसीव्हरमध्ये पण टॉवर परत लार्ज होऊन बसतील, ते बघून परत स्मॉल ८० करा. माइक सोफ्याच्या पाठीला चिकटवून ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, आणि मोजणी चालू असताना कूलर बंद. कूलर चालू ठेवून केलेलं कॅलिब्रेशन ऐकलंय मी एका ओळखीच्या घरी, सगळा बेस गायब.

झाँकी_साउंड
आणि जेव्हा केव्हा अँप घेशील तेव्हाचं आत्ताच लिहून ठेवतो, नंतर मी सापडणार नाही, सीझन चालू होतो.

पहिलं, दोनच चॅनलचा घे, टॉवरसाठी. फार तर तीन, सेंटर धरून. सराउंडला रिसीव्हरचे अँप पुरतात, सात चॅनलचा वजनदार डबा विकायला दुकानदाराला मजा येते. दुसरं, टॉवर बाहेरच्या अँपवर गेले की आतल्या सप्लायवरचं ओझं उतरतं आणि उरलेल्या चॅनलला मोकळं मिळतं. डेनॉनमध्ये त्या चॅनलचे आतले अँप बंद करायची सेटिंग आहे ती लाव, नाहीतर आतला अँप उगाच रिकामा पळत राहतो आणि प्रीआउट जोरात गेल्यावर त्याची घाण प्रीआउटमध्ये पण येते.

तिसरं, गेन. प्रो अँपच्या पुढच्या नॉब फुल उघडून ठेवायची सवय असते आपल्या लोकांना, मग शांत सीनमध्ये स्पीकरमधून सस्स येतं. नॉब अर्ध्याच्या आसपास ठेव, ऑटो सेटअप चालव, आणि रिसीव्हरने फ्रंटचा लेव्हल -१२ वर नेऊन ठोकला असेल तर नॉब अजून खाली घेऊन परत चालव. क्राउनला इनपुट १.४ व्होल्ट आणि ०.७७५ असा पर्याय आहे, घरी १.४ वरच ठेव.

चौथं, अँपला फक्त एक्सएलआर (प्रो यंत्रांचा तीन पिनी जोड) असेल तर आरसीए ते एक्सएलआर केबल महाराणी रोडवरून तयार घेताना आत काय जोडलंय ते बघ. दोन कोर आणि शील्डवाली वायर पाहिजे, आरसीएचं मधलं टोक पिन २ वर, बाहेरचं कडं पिन ३ वर, शील्ड पिन १ वर, आणि आरसीएच्या बाजूला शील्ड कड्यालाच जोडलेली. पिन ३ हवेत सोडलेली केबल असेल तर हम घेऊनच घरी येशील. आणि पंखा नकोच असेल तर हायपेक्स किंवा प्युरिफाय मॉड्यूलवाले क्लास डी अँप बघ, थंड चालतात, आवाज नाही, खिसा मात्र बघ.

वायरमन_दादा
स्पीकर वायर कोणती ते कोणी सांगितलंच नाही. टॉवर ४ ओहम आहेत तर अडीच एमएमची दोन कोर, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावाने मिळते, टोक खरवडून बघ, आतून पांढरी निघाली तर परत दे. सराउंडला दीड एमएम पुष्कळ झाली. दोन फुटाला हजारो रुपये घेणाऱ्या वायरीच्या नादी लागू नकोस. आणि टोकाचा एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला लागला तरी प्रोटेक्शन, त्यामुळे बनाना प्लग लाव.

रामबागी_श्रोता
३८०० वर मन बसलंय, दिवाळीपर्यंत थांबतो. तोपर्यंत एक डोक्यात आलं, जुना रिसीव्हर फेकायच्या ऐवजी तोच टॉवरसाठी बाहेरचा अँप म्हणून लावला तर? नव्याच्या फ्रंट प्रीआउटमधून जुन्याच्या सीडी इनपुटमध्ये.

सुदामानगरचे_काका
चालतं. डायरेक्ट मोडवर ठेव म्हणजे तो स्वतःचं करेक्शन किंवा बेस-ट्रेबल त्यात मिसळणार नाही, व्हॉल्यूम एका जागी ठेव आणि मग नव्याचा ऑटो सेटअप चालव. फायदा फार दिसणार नाही, पण वेगळा अँप लावून तुझ्या कानाला काही फरक पडतो का ते फुकटात कळेल. नाही पडला तर पैसे दुसऱ्या सबला. धोका एवढाच की कोणी जुन्याचा व्हॉल्यूम हलवला की पुढचे दोन्ही स्पीकर बाकीच्यांपेक्षा चढतात किंवा पडतात, आणि रिमोट एकाच कंपनीचा असेल तर दोन्ही एकदम ऐकतात. जुन्याच्या रिमोट सेन्सरवर काळी टेप लाव.

रामबागी_श्रोता
टेप लावतो. पण घरात पाच वर्षांचा भाचा येतो आणि तो सरळ नॉबच फिरवतो.

झाँकी_साउंड
नॉब ओढला की निघतो भिया, बहुतेकांचा नुसता दांड्यावर बसवलेला असतो. काढून ड्रॉवरमध्ये ठेव.